मेणाची चकाकी आणि तारप्याचं माप

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली आणि वस्तू कुणाची, ती पाहायला कुणी कुठे जायचं, याची चर्चा घराघरांत झाली. हा प्रश्न फक्त लंडनचा नाही. चर्चगेटहून डहाणू सव्वाशे किलोमीटरवर. तिथल्या पाड्यावर तारपा, म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, बनवणाऱ्याला जुना तारपा मुंबईत काचेआड बघायचा असेल तर दिवसाची मजुरी बुडते, आणि इतकं करूनही हात लावता येत नाही. त्याला वस्तूची त्रिमितीय प्रत मोबाइलवर मिळू शकते. मात्र ती मापाला खरी हवी.

फोटोंवरून अशी प्रत बनवण्याच्या पद्धतीला फोटोग्रामेट्री म्हणतात. अंगठा समोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. जवळ आणला की जास्त, लांब नेला की कमी. संगणक हेच शंभर डोळ्यांनी करतो. वस्तू फिरत्या पाटावर ठेवून तीन उंचींवरून, दर दहा अंशांना एक, असे १०८ फोटो काढायचे. शेजारच्या दोन फोटोंत निदान ७० टक्के भाग सामाईक हवा. कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता (आयएसओ) १००, भिंगाचं छिद्र एफ ८ ते ११, कॅमेरा तिकाटण्यावर. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत ओरखडे, गाठी, डाग असे ओळखीचे बिंदू शोधतं आणि फोटोफोटोंत त्यांच्या जोड्या लावतं. कॅमेरा कुठे होता हे माहीत नसतं, बिंदू कुठे आहेत हेही नसतं. मग दोन्ही अंदाजे धरून, बिंदू फोटोत जिथे पडायला हवा होता आणि जिथे खरोखर पडला त्यांतल्या अंतराच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईपर्यंत हजारो आकडे एकाच वेळी किंचित किंचित हलवले जातात. शंभर फोटोंची साक्ष एकमेकांशी जुळली की आकार उभा राहतो. गणितातल्या इतक्या देखण्या गोष्टी थोड्याच.

तारपा मात्र या गणिताला दमवतो. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांध्यांवर मेण. भोपळ्याच्या गुळगुळीत सालीवर ओळखीचे बिंदूच सापडत नाहीत. फिरत्या पाटावर वस्तूखाली बारीक नक्षी छापलेला आम्लविरहित कागद ठेवला, की तो वस्तूबरोबर फिरतो आणि बिंदू पुरवतो. वर्तमानपत्र नको, शाई लागते. मागचा पडदा काळाकुट्ट हवा, नाहीतर स्थिर पडदा पाहून सॉफ्टवेअरला वाटतं कॅमेरा हललाच नाही, आणि भोपळ्याचा चिखल होतो.

मेणाची चकाकी त्याहून वाईट. वस्तू फिरली तरी चमक आपल्या जागी राहते, आणि सॉफ्टवेअर तिलाच बिंदू समजतं. उपाय असा: फ्लॅशवर ध्रुवीकरणाची, म्हणजे प्रकाशलहरींना एकाच दिशेत कंप पावू देणारी, फिल्म लावायची आणि भिंगावरचा फिल्टर तिच्याशी काटकोनात फिरवायचा. पृष्ठभागावरून थेट परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण तसंच टिकतं, म्हणून तो अडतो. सालीत शिरून विखुरलेला प्रकाश ध्रुवीकरण हरवून बसतो आणि त्यातला काही आत येतो. चमक गेली, खरा रंग उरला. चौकटीत १० सेंटिमीटरची मोजपट्टी ठेवायला विसरलात तर प्रत सुंदर, पण तारपा वीतभर की हातभर हे तिला ठाऊक नाही. बोटांची भोकं एक-दोन मिलिमीटर सरकली तरी सूर हलतो.

‘राहिलेली जागा एआय भरून काढेल’ असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. भरतं, पण ते मोजमाप नसतं, अंदाज असतो. अशी जागा प्रतीत वेगळ्या रंगाने दाखवलीच पाहिजे. फोटोला फक्त कातडी दिसते, आवाज आत असतो: थरथरणारी बांबूची पातळ जीभ. तिच्यासाठी एक्स-रेचा मायक्रो-सीटी स्कॅन लागतो. मूळ वाद्य फुंकणं धोक्याचंही असू शकतं, कारण कीड लागू नये म्हणून जगभरच्या अनेक संग्रहालयांनी एकेकाळी वस्तूंवर आर्सेनिक आणि डीडीटी मारलं होतं. वाजवायला नवाच तारपा हवा, जुन्याच्या मापावरून. अलास्कातल्या त्लिंगिट लोकांच्या एका कुळाची मोडकी लाकडी टोपी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने अशीच संगणकात सांधली, त्यावरून नवी कोरली, आणि २०१९ मध्ये कुळाने विधी करून ती आपली मानली.

प्रत कुणी पाहायची, हे कॅमेरेवाल्याने ठरवायचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांबरोबर घडलेल्या ‘मुकुर्तू’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीवर समाज स्वतःचे नियम लावतो: हे सर्वांसाठी, हे फक्त आमच्यासाठी, हे फक्त बायकांसाठी. नोंदीत ‘वाद्य, ठाणे जिल्हा’ एवढंच लिहिलेलं असतं, तिथे वारली नाव, बनवण्याचा हंगाम आणि वाजवणाऱ्याचा आवाज जोडता येतो.

राहता राहिलं नेटवर्क. संगणकातली प्रत बारीक त्रिकोण जोडून बनते, आणि वीस लाख त्रिकोणांची प्रत साध्या फोनवर उघडतच नाही. त्रिकोण पन्नास हजारांवर आणायचे, बारीक खाचाखोचा नॉर्मल मॅप नावाच्या चित्रात साठवायच्या, फाइल १० एमबीच्या आत बसवून मेमरी कार्डवर द्यायची. सोबत भोकांमधली अंतरं मिलिमीटरमध्ये लिहिलेला एक छापील कागद. बांबू कापायला बसल्यावर हाताशी तोच लागतो.