युरोमोड्युलिन आणि रक्तदाब : जनुकीय अभ्यास

युरोमोड्युलिन हे मूत्रपिंडात तयार होऊन लघवीत उतरणारे प्रथिन आहे. निरोगी माणसाच्या लघवीत इतर कोणत्याही प्रथिनापेक्षा त्याचे प्रमाण जास्त असते. या प्रथिनाच्या कमीजास्त प्रमाणाचा रक्तदाबाशी संबंध आहे का आणि असल्यास कारण कोणते व परिणाम कोणता, हा प्रश्न केवळ लघवी तपासून सुटला नाही. तो मुख्यतः जनुकीय अभ्यासातून सुटत गेला. दुर्मिळ आनुवंशिक आजार असलेली कुटुंबे, संपूर्ण जनुकसंचाची पाहणी, उंदरांवरील प्रयोग आणि मेंडेलीय यादृच्छिकीकरण ही सांख्यिकी पद्धत या चार मार्गांनी मिळालेले उत्तर एकच आहे: जन्मभर हे प्रथिन थोडे जास्त बनत राहिले, तर मूत्रपिंड मीठ जास्त धरून ठेवते आणि रक्तदाब किंचित चढतो.

हे प्रथिन 1950 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी लघवीतून वेगळे केले. फ्लूच्या विषाणूमुळे तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात, त्या ते होऊ देत नाही, असे त्यांना आढळले. म्हणून बराच काळ ते टॅम-हॉर्सफॉल प्रथिन म्हणूनच ओळखले जात होते. 1985 मध्ये गरोदर स्त्रियांच्या लघवीतून प्रतिकारशक्तीवर परिणाम करणारा एक पदार्थ मिळाला. त्याला युरोमोड्युलिन म्हणण्यात आले. दोन वर्षांनी हे दोन्ही पदार्थ एकच असल्याचे सिद्ध झाले. त्याचे जनुक, यूएमओडी, सोळाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे.

रक्तदाबाशी असलेले नाते समजायचे तर प्रथिन बनते कुठे, हे आधी पाहावे लागते. मूत्रपिंडातील प्रत्येक नेफ्रॉनमध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म एककात, नलिकेचा एक भाग खाली जाऊन पुन्हा वर वळतो. त्याला हेन्लेचे वेटोळे म्हणतात. वर चढणाऱ्या नलिकेच्या जाड भिंतीच्या भागात युरोमोड्युलिन बनते. गाळून आलेल्या मिठापैकी सुमारे एक चतुर्थांश मीठ याच भागातून रक्तात परत घेतले जाते. हे काम एनकेसीसी2 हे वाहक प्रथिन करते, आणि पोटॅशियमची वाट असलेले रॉमके त्याला साथ देते. सूज उतरवण्यासाठी डॉक्टर ‘लघवीची गोळी’ म्हणून देतात ते फ्युरोसेमाइड नेमके एनकेसीसी2लाच अडवते. युरोमोड्युलिन या दोन्ही प्रथिनांचे काम वाढवते, असे पेशींवरील आणि उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे मीठ परत खेचण्याची यंत्रणा आणि हे प्रथिन एकाच पेशीत शेजारी शेजारी नांदतात.

रक्तदाबाच्या शास्त्रात मूत्रपिंडाला मध्यवर्ती स्थान आहे, तेही याच कारणाने. रक्तदाब चढणाऱ्या उंदरांच्या जातीचे मूत्रपिंड दुसऱ्या जातीत बसवले, तर रक्तदाबही मूत्रपिंडाबरोबर तिकडे जातो, हे विसाव्या शतकातल्या प्रत्यारोपणाच्या प्रयोगांनी दाखवले होते. बार्टर सिंड्रोम या दुर्मिळ आनुवंशिक आजाराच्या काही प्रकारांत एनकेसीसी2 किंवा रॉमके जन्मतः निकामी असते. अशा मुलांच्या शरीरातून मीठ वाहून जाते आणि त्यांचा रक्तदाब चढत नाही.

मग लघवीतले युरोमोड्युलिन मोजून ज्यांच्यात ते जास्त त्यांचा रक्तदाब जास्त आहे का, एवढे पाहिले की झाले, असे वाटू शकते. ते पुरत नाही. युरोमोड्युलिन बनवायला जिवंत, काम करणारी नलिका लागते. मूत्रपिंडाचा जुनाट आजार झाला, नेफ्रॉन मरू लागले, की प्रथिनाचे उत्पादनही घटते. त्यामुळे नुसत्या मोजमापात उलटेच चित्र दिसते: ज्यांचे युरोमोड्युलिन जास्त, त्यांचे मूत्रपिंड चांगले. वयाचाही परिणाम होतो आणि आहारातल्या मिठाचाही, कारण मीठ जास्त खाल्ले की लघवीतून जाणारे युरोमोड्युलिन वाढते. इथे कारण आणि परिणाम इतके गुंतलेले आहेत की कितीही लोकांची लघवी तपासली तरी गुंता सुटणार नाही. जनुकांचा आधार घ्यावा लागला तो यामुळे. माणसाला कोणते जनुकरूप (जनुकाची कोणती आवृत्ती) मिळाले हे गर्भधारणेच्या वेळीच ठरते. पुढे होणारा आजार, खाणेपिणे किंवा वय ते बदलू शकत नाही.

पहिला दुवा दुर्मिळ आजारातून मिळाला. काही कुटुंबांत ऐन तारुण्यात युरिक ॲसिड वाढते, गाऊट हा सांधेदुखीचा आजार होतो आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. अशा कुटुंबांत यूएमओडी जनुकात बिघाड असल्याचे 2002 मध्ये उघड झाले. बिघडलेल्या प्रथिनाची घडी नीट बसत नाही. ते पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे प्रथिनांची घडी जिथे बसते त्या भागात, अडकून पडते आणि पेशीला हळूहळू मारते. हा बिघाड आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. मात्र या कुटुंबांवरून सर्वसामान्य माणसाच्या रक्तदाबाबद्दल थेट काही सांगता येत नव्हते. तिथे प्रथिनाची घडी बिघडलेली होती. सामान्य लोकांमध्ये प्रथिन चांगलेच असते, फक्त त्याचे प्रमाण कमीजास्त असते.

प्रमाणाचा हा फरक मोठ्या लोकसंख्येच्या पाहणीत सापडला. 2009 मध्ये हजारो लोकांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना करताना यूएमओडीजवळचे एक जनुकरूप मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराशी निगडित आढळले. कमी आढळणारे रूप असलेल्यांना या आजाराचा धोका सुमारे 20 टक्क्यांनी कमी होता. 2010 मध्ये ग्लासगोचे संदोष पद्मनाभन, ॲना डॉमिनिचाक आणि सहकाऱ्यांनी प्रश्न थेट रक्तदाबाकडे वळवला. ज्यांचा रक्तदाब फारच चढा आणि ज्यांचा खूपच चांगला, अशी दोन टोके निवडून त्यांनी तुलना केली. यूएमओडी जनुकाच्या सुरुवातीला लागून असलेल्या आरएस13333226 या क्रमांकाच्या जागी डीएनएचे ‘जी’ हे अक्षर असलेल्यांना उच्च रक्तदाबाची शक्यता कमी होती. ‘जी’च्या दर प्रतीमागे ती साधारण 13 टक्क्यांनी घटत होती. त्यांच्या लघवीत युरोमोड्युलिनही कमी होते. दोन टोकांची माणसे निवडण्याचा हा निर्णय मोलाचा ठरला, कारण मधल्या लाखोंच्या गर्दीत इतका बारीक फरक सहज हरवला असता.

तरीही सांगड म्हणजे कारण नव्हे. 2013 मध्ये झुरिकचे ओलिव्हिए देव्हुइस्ट, मिलानचे लुका राम्पोल्दी आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये या जनुकाच्या जादा प्रती घातल्या. जितक्या प्रती जास्त, तितका रक्तदाब जास्त. तो मिठाला प्रतिसाद देणारा होता, आणि वय झालेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांतही इजा दिसू लागली. याउलट, जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा रक्तदाब कमी असतो आणि मीठ खायला घातले तरी फारसा चढत नाही, हे दुसऱ्या प्रयोगांनी दाखवले. मिलानच्या अभ्यासात माणसेही होती: रक्तदाबाचे औषध पूर्वी कधीच न घेतलेले रुग्ण. ज्यांना दोन्ही पालकांकडून धोक्याचे, म्हणजे युरोमोड्युलिन जास्त बनवणारे, रूप मिळाले होते, त्यांचा रक्तदाब फ्युरोसेमाइडने अधिक उतरला. माझ्या मते या साऱ्या साखळीतला हा सर्वांत पटणारा पुरावा आहे, कारण जनुक, प्रथिन, वाहक आणि औषध हे चारही एका रेषेत आले.

मेंडेलीय यादृच्छिकीकरणाने यात कार्यकारणाची वेगळी कसोटी आणली. औषधाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे लोकांचे दोन गट करतात, जेणेकरून गटांत औषधाखेरीज दुसरा फरक राहू नये. गर्भधारणेच्या वेळी निसर्गही तसेच करतो. आईच्या दोन रूपांपैकी कोणते मुलाला मिळेल हे ठरलेले नसते. त्यामुळे युरोमोड्युलिन जन्मतः जास्त बनवणारे आणि कमी बनवणारे असे लोकांचे दोन गट आपोआप तयार होतात. या विचाराचे बीज 1986 मध्ये मार्टिन कातान यांच्या कोलेस्टेरॉल आणि कर्करोगावरील टिपणात आहे. 2003 मध्ये जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी त्याची सविस्तर मांडणी केली.

ही पद्धत तीन अटींवर उभी आहे. जनुकरूपाने प्रथिनाचे प्रमाण खरोखर बदलले पाहिजे. ते राहणीमान किंवा वंशगट अशा इतर कारणांशी जोडलेले नसावे. आणि रक्तदाबावरचा त्याचा परिणाम त्या प्रथिनाच्या मार्गानेच झाला पाहिजे. युरोमोड्युलिनच्या बाबतीत पहिली अट फार चांगली भागते, कारण प्रथिनाच्या स्वतःच्याच जनुकाला लागून असलेले बदल त्याचे प्रमाण ठरवतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा विश्लेषणात लघवीतील युरोमोड्युलिन जनुकांमुळे जास्त असणे हे रक्तदाब वाढण्याचे आणि मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता घटण्याचे कारण असल्याचे आढळले. मूत्रपिंडावरचा परिणाम मुख्यतः थेट होता. रक्तदाबाच्या वाटेने होणारा भाग त्यापेक्षा लहान होता. नुसत्या मोजमापात जास्त युरोमोड्युलिन हे चांगल्या मूत्रपिंडाचे लक्षण, आणि जनुकांच्या कसोटीत ते दीर्घकाळात मूत्रपिंड झिजवणारे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. पहिले आज किती नलिका जिवंत आहेत ते सांगते, दुसरे त्या नलिकांवर आयुष्यभर पडलेल्या भाराबद्दल बोलते.

तिसरी अट मात्र अवघड आहे. यूएमओडीच्या शेजारीच पीडीआयएलटी हे जनुक आहे. शेजारचे बदल पिढ्यानपिढ्या एकत्रच उतरत असल्याने मूळ परिणाम नेमका कोणत्या बदलाचा, हे वेगळे काढणे कठीण जाते. शिवाय ही पद्धत जन्मभराच्या बारीक फरकाचा हिशेब देते. मध्यमवयात एखाद्या औषधाने प्रथिन अचानक कमी केले तर तेवढाच लाभ होईल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. एकट्या माणसासाठी हा परिणाम लहानच आहे. रक्तदाबाशी संबंधित शेकडो जागा जनुकसंचात आहेत, त्यांपैकी ही एक.

धोक्याचे हे रूप दुर्मिळ नाही, उलट तेच मूळचे आणि जास्त आढळणारे आहे. युरोपीय लोकांमध्ये पाचातील चारच्या आसपास प्रती त्याच रूपाच्या असतात. याचे एक संभाव्य कारण जंतुसंसर्गात शोधले जाते. युरोमोड्युलिनचे लांब धागे ई. कोलाय जंतूंच्या चिकटणाऱ्या केसांना पकडतात आणि लघवीबरोबर बाहेर नेतात. हे जनुक नसलेल्या उंदरांना मूत्रमार्गाचा संसर्ग सहज होतो. प्रतिजैविके नसलेल्या काळात, विशेषतः प्रजननक्षम वयातील स्त्रियांसाठी, हे संरक्षण फार मोठे असणार. त्याची किंमत रक्तदाबाच्या रूपाने उतारवयात चुकवावी लागते, आणि नैसर्गिक निवडीचा जोर त्या वयात फारसा राहत नाही. हा तर्क मला सयुक्तिक वाटतो, पण तो प्रयोगाने सिद्ध झालेल्या गोष्टींच्या पंक्तीत बसत नाही. लघवीत खडे होण्यालाही हे प्रथिन अटकाव करते. म्हणून ते पूर्णपणे दाबून टाकणारे औषध शहाणपणाचे ठरणार नाही.

उपचारात याचा सरळ उपयोग सुचतो तो असा: ज्यांच्यात हे रूप आहे त्यांना हेन्लेच्या वेटोळ्यावर काम करणारी मूत्रल औषधे अधिक लागू पडतील का? टोरासेमाइड हे असेच एक औषध देऊन आणि रुग्णांचे जनुकरूप पाहून ब्रिटनमध्ये यासाठी चाचणीही आखण्यात आली. रक्तदाबाचे औषध निवडण्यासाठी यूएमओडीची तपासणी करणे आज नित्याच्या उपचारात नाही. तरुण वयात गाऊट आणि घरात मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी मात्र या जनुकाच्या तपासणीला महत्त्व आहे.

वर सांगितलेले बहुतेक आकडे युरोपीय वंशाच्या लोकांवरून आले आहेत. जनुकरूपांची वारंवारता आणि शेजारच्या बदलांशी त्यांची जोडी प्रत्येक लोकसमूहात सारखी नसते. त्यामुळे एका खंडात तपासलेला बदल दुसरीकडे तितकाच चांगला निदर्शक असेलच असे नाही. भारतीय आहारात मीठ जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या रोजच्या 5 ग्रॅमच्या मर्यादेपेक्षा बरेच जास्त असते, आणि युरोमोड्युलिनचा परिणाम तर मिठावरच अवलंबून आहे. म्हणून हा अभ्यास भारतात स्वतंत्रपणे होणे गरजेचे आहे. जीनोमइंडिया प्रकल्पात सुमारे 10,000 भारतीयांचे जनुकसंच वाचून झाले आहेत. त्यांना रक्तदाब, आहारातले मीठ आणि लघवीतील युरोमोड्युलिन यांच्या मोजमापांची जोड मिळाली, तर वरच्या तीनही अटी इथल्या लोकसमूहांत तपासता येतील.