क्रिबेजमध्ये कुठली दोन पानं टाकायची, या वादाची पार्श्वभूमी

क्रिबेज हा दोघांचा पत्त्यांचा खेळ, त्यात पॉइंट भोकांच्या बोर्डावर खुंट्या सरकवून मोजतात; खेळणाऱ्यांना नियम सांगायची गरज नाही म्हणून ते सोडूनच देतो. इथे विषय एवढाच की सहा पानं हातात आल्यावर कुठली चार ठेवायची आणि कुठली दोन क्रिबमध्ये (दोघांनी टाकलेल्या पानांचा ढीग, त्याचे पॉइंट वाटणाऱ्याला) टाकायची, आणि त्याबद्दल जे सल्ले आपण ऐकत आलोय ते मुळात कुठून आले. आमच्याकडे फोंड्याच्या बाजूला चवथीच्या दिवसांत आरत्या आटोपल्या, माटोळीखालची सतरंजी रिकामी झाली की पत्त्यांचा कॅट निघतो. जास्त करून रमी नाहीतर मेंढीकोट असतं, पण ज्या घरातलं कोणी शिपवर काम करून आलंय तिथे क्रिबेजचा बोर्डही निघतो आणि तिथे दर दुसऱ्या डावाला भांडण ठरलेलं, "दुसऱ्याच्या क्रिबमध्ये असलं पान कशाला टाकलंस?" हा जो दुसऱ्याच्या क्रिबचा धाक आहे तो एका वेगळ्याच खेळातून आलाय, आणि आपण आज खेळतो त्या खेळात तो गरजेपेक्षा जास्त बाळगला जातो असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीचा भाग पटकन सांगतो. खेळ इंग्लंडचा, सतराव्या शतकातला, त्याआधीच्या नॉडी नावाच्या खेळातून वाढलेला. श्रेय एका दरबारी कवीला दिलं जातं, आणि त्याच्याबद्दल अशीही गोष्ट सांगतात की त्याने खुणा केलेले कॅट गावोगावच्या जुगाराच्या जागी पाठवून पुष्कळ पैसा कमावला. 1674 साली छापलेल्या एका इंग्लिश खेळांच्या पुस्तकात क्रिबेज सविस्तर आलंय. त्या काळचा खेळ पाच पानांचा आणि 61 पॉइंटांचा, म्हणजे बोर्डाला एक फेरी मारून एक भोक पुढे.

या पाच पानांच्या खेळात सगळी मेख आहे. पाच वाटायची, त्यातली दोन टाकायची, हातात राहिली तीन. कटचं पान (उरलेल्या कॅटमधून उघडलेलं, दोघांच्याही मोजणीत येणारं) धरून हात झाला चार पानांचा. आणि क्रिब? दोघांची दोन-दोन मिळून चार, अधिक कटचं पान, म्हणजे पाच पानांची. पाच पानांत पंधरा (पंधरा बेरजेची पानं), जोड्या, रन (लागोपाठची पानं) किती जास्त बनतात ते ज्याने एकदा मोजलंय त्याला माहीत आहे. त्या खेळात क्रिब ही हातापेक्षा मोठी वस्तू होती, आणि गेम फक्त 61 चा असल्यामुळे एक भरलेली क्रिब मिळाली की निम्मं काम झालं. वाटणाऱ्याचा फायदा एवढा मोठा मानला जायचा की समोरच्याला सुरुवातीलाच तीन पॉइंट भरपाई म्हणून द्यायचे. अशा खेळात जुने जाणकार काय सांगणार? आधी क्रिबकडे बघ, मग हाताकडे. स्वतःची क्रिब असेल तर पंजी टाक, जोडी टाक, सत्ती-अठ्ठी टाक, दुसऱ्याची असेल तर राजाबरोबर लांबचं एखादं पान टाकून ती मारून टाक, पंजी कधीच देऊ नकोस, दुर्री-तिर्री एकत्र देऊ नकोस. त्या खेळापुरता हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता.

मग सहा पानांचा खेळ आला. तो बरीच वर्षं दुय्यम मानला जायचा, जुन्या खेळाडूंचं म्हणणं की खरं डोकं पाच पानांत लागतं, सहामध्ये नुसतं नशीब. पण एकोणिसाव्या शतकात लोकांनी सहा पानंच उचलली, गेम 121 चा झाला, बोर्डाच्या दोन फेऱ्या, आणि विसाव्या शतकापर्यंत पाच पानांचा खेळ इंग्लंडमध्ये काही ठिकाणीच उरला. बदल दिसायला छोटा आहे, एक पान जास्त वाटायचं एवढंच, पण त्याने हात आणि क्रिब दोन्ही सारख्या आकाराची झाली, दोन्हीकडे चार अधिक कट. शिवाय हात आपण सहातून निवडून ठेवतो, आणि क्रिबमध्ये येतात ती नको झालेली पानं, त्यातली दोन तर मुद्दाम वाईट टाकलेली. म्हणूनच आज दोन बरे खेळाडू बसले तर हात साधारण आठ पॉइंटांचा निघतो आणि क्रिब पाचच्या जरा खालीच राहते. जी वस्तू आधी हातापेक्षा मोठी होती ती आता हाताच्या साठ टक्क्यांवर आली. पण पुस्तकांतले सल्ले? ते तसेच्या तसे पुढच्या पुस्तकांत छापले गेले, वजन न बदलता. राजा टाक, पंजी देऊ नकोस हे आजही चूक नाहीच, चूक आहे ती त्यासाठी स्वतःचा हात मोडायची सवय.

मधला काळ मोठा आहे पण आपल्या विषयाला त्याचा फारसा हात लागत नाही. इंग्लंडमध्ये 1968 च्या कायद्यात पबमध्ये पैसे लावून खेळायला ज्या खेळांना नाव घेऊन परवानगी मिळाली ते डॉमिनोज आणि क्रिबेज, त्यामुळे तिथे पबच्या लीगमध्ये खेळ टिकला. अमेरिकेत तो आरमारात रुजला, खास करून पाणबुड्यांवर. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये गाजलेल्या एका पाणबुडी अधिकाऱ्याच्या नावाचा बोर्ड त्या ताफ्यातल्या सगळ्यात जुन्या पाणबुडीकडे द्यायची पद्धत अजून चालू आहे. गोव्यात म्हणाल तर ब्रिटिश फौज 1799 ते 1813 इथे होती, दोनापावलाला त्यांची सिमिटरी आहे, पण आमच्या ओळखीत हा खेळ आला तो त्यांच्यानंतर शे-दीडशे वर्षांनी, बोटीवर नोकरी करून परत आलेल्या लोकांकडून, आणि त्यांच्याबरोबर तेच जुने सल्ले तोंडी आले. शिपवर पुस्तक कोण वाचतो, वरच्या हुद्द्याचा माणूस ओरडला की पंजी द्यायची नाही, तर नाही द्यायची.

खरा बदल झाला तो मोजणी सुरू झाल्यावर. 52 पानांतून सहा पानांचे हात होतात 2,03,58,520, आणि प्रत्येक हातातून दोन पानं टाकायचे मार्ग 15. हाताची बाजू मोजायला सोपी आहे, सहा पानं माहीत आहेत, कटला उरलेल्या 46 पैकी कुठलंही येऊ शकतं, 46 वेळा मोजा आणि सरासरी काढा, वही-पेन घेऊनही होतं. क्रिबची बाजू अवघड, कारण समोरचा काय टाकणार ते माहीत नाही. आधी काही खेळाडूंनी प्रत्यक्ष खेळलेल्या डावांच्या नोंदी ठेवून आकडे काढले, मग कॉम्प्युटर आले आणि प्रत्येक जोडीचे तक्ते बनले, स्वतःच्या क्रिबमध्ये टाकली तर सरासरी किती आणि दुसऱ्याच्या टाकली तर किती. सगळ्यात वर दोन पंज्या, स्वतःच्या क्रिबमध्ये साधारण साडेआठ ते नऊ. तळाला राजा-नव्वी, राजा-दश्शी असली पानं.

आता इथे तो गुंता आहे ज्यावरून जाणकारांत अजून जुंपते. वेगवेगळ्या तक्त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते कोणी चुकीचं मोजलं म्हणून नाही. दुर्री-तिर्री दुसऱ्याच्या क्रिबमध्ये टाकली तर किती जातील, हे ठरतं वाटणारा त्याबरोबर काय टाकतो त्यावर. वाटणारा काय टाकतो हे ठरतं त्याच्या डोक्यात कुठला तक्ता आहे त्यावर. आणि त्याचा तक्ता बनलाय समोरचा काय टाकेल हे धरून. म्हणजे गोल गोल. काहींनी धरलं की समोरचा कुठलीही दोन पानं डोळे मिटून टाकतो, तसं केलं की दुसऱ्याची क्रिब आहे त्यापेक्षा स्वस्त दिसते, कारण खरा वाटणारा तिथे आपली चांगली पानं घालतो. काहींनी बऱ्या माणसांच्या खऱ्या डावांतून आकडे घेतले, त्यात त्या माणसांच्या सवयी आणि भीत्या पण आल्या. आणि काहींनी एक अंदाज धरून तक्ता काढला, त्या तक्त्याने पुन्हा सगळे हात खेळवले, नवीन तक्ता काढला, आकडे हलायचे थांबेपर्यंत हेच केलं. माझ्या मते ही तिसरी पद्धत सगळ्यात प्रामाणिक, पण तिचाही समोरचा माणूस म्हणजे परफेक्ट खेळणारं मशीन आहे, आणि चवथीला समोर बसलेला काका मशीन नाही, तो स्वतःच्या क्रिबमध्येही पंजी टाकायला घाबरतो.

एक हात घेऊन बघू म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. वाटलंय समोरच्याने, क्रिब त्याची, आणि आपल्याकडे आलंय दुर्री, तिर्री, दोन पंज्या, दश्शी आणि राणी, रंग जुळत नाहीत असं धरा. पंजी-पंजी-दश्शी-राणी ठेवली तर चार पंधरा आणि एक जोडी, प्रत्येकाचे दोन, हातात रोख 10. पण मग टाकायची दुर्री-तिर्री, आणि शिपवरच्या प्रत्येक माणसाने सांगितलंय की ही जोडी दुसऱ्याला द्यायची नाही, दोघांची बेरीज पाच, कुठलंही दहाच्या किमतीचं पान (दश्शी, गुलाम, राणी, राजा) आलं की पंधरा. जुन्या वळणाचा खेळाडू काय करेल? दुर्री-राणी टाकेल, आणि तिर्री-पंजी-पंजी-दश्शी ठेवेल, रोख 6.

मोजू. पहिल्या पद्धतीत 46 पैकी 14 पानं दहाच्या किमतीची उरलीत. गुलाम कटला तर 17, राजा कटला तर 14, दश्शी किंवा राणी आली तर 16, आणि उरलेल्या दोन पंज्यांपैकी एक आली तर 20. बाकीच्या 30 पानांनी काहीच फरक पडत नाही, 10 चे 10. सगळी बेरीज 560, भागिले 46, सरासरी 12.17. दुसऱ्या पद्धतीत चौकी, सत्ती, दुर्री अशी जास्त पानं थोडं थोडं वाढवतात, पण सरासरी येते 8.96. म्हणजे हातात तीनपेक्षा जास्त पॉइंटांचा फरक. आता क्रिब, दुसऱ्याच्या क्रिबमध्ये दुर्री-तिर्री सातच्या वर-खाली जाते आणि दुर्री-राणी साडेचारच्या पुढे-मागे. तिथलं नुकसान सव्वादोन-अडीच. हिशोब केला तर "घातक" जोडी देऊन, चांगला हात ठेवून, आपण पाऊण-एक पॉइंट पुढेच राहतो.

विरोधी बाजूचं म्हणणं आहे, आणि ते वजनदार आहे, की पेगिंग (मोजणीआधी आळीपाळीने पानं टाकताना मिळणारे पॉइंट) यात धरलेलंच नाही. हातात दुर्री किंवा तिर्री असली की एकतीसच्या जवळ गो (समोरच्याला एकतीसच्या आत बसणारं पान उरलं नाही की मिळणारा पॉइंट) मारता येतो, पंजी-पंजी-दश्शी-राणी घेऊन पेगिंगला बसणं म्हणजे समोरच्याला पंधरा करायला पान वाढून देणं. मान्य. या हातात तो फरक पाऊण पॉइंटाला खाऊ शकतो का, तर काही अंशी खातो, पूर्ण नाही असं मला वाटतं, आणि इथेच दोन चांगले खेळाडू प्रामाणिकपणे वेगळी पानं टाकतील. पण भांडण पाऊण पॉइंटावर आलं ना, तीच मोठी गोष्ट आहे, कारण जुन्या सल्ल्याने तर हा मार्ग विचारातच घेतला नसता.

1980 नंतर अमेरिकेत टूर्नामेंटं वाढली आणि वादाला अजून एक तोंड फुटलं, बोर्डावरची जागा. सरासरी पॉइंट जास्त मिळवणं आणि गेम जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटणारा एका डावात साधारण 16 मिळवतो, समोरचा साधारण 10, म्हणजे एकदा तुम्ही वाटलं एकदा त्याने वाटलं की प्रत्येकाचे साधारण 26. त्यावरून लोकांनी बोर्डावर टप्पे मांडले की अमुक डावानंतर अमुक भोकापर्यंत असलात तर तुम्ही वेळेवर आहात, पुढे असाल तर सांभाळून खेळा, मागे असाल तर धोका घ्या. मला हा विचार तक्त्यांपेक्षाही मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडे मोबाइलवर खेळून शिकलेल्या नवीन पोरांत नेमका तोच दिसत नाही. ॲप डाव संपल्यावर सांगतं की तू 0.4 पॉइंटाची चूक केलीस, पोरं ते मनावर घेतात, पण तेव्हा बोर्डावर कोण कुठे होतं ते बऱ्याच ॲपना विचारातच नसतं.

वरचाच हात पुन्हा घ्या आणि तुम्ही 111 वर आहात असं धरा, समोरचा 105 वर, वाटलंय त्याने. मोजणीचा क्रम सगळ्यांना पाठ आहे, न वाटणाऱ्याचा हात आधी, मग वाटणाऱ्याचा हात, आणि शेवटी क्रिब. तुम्हाला 10 हवेत आणि पंजी-पंजी-दश्शी-राणीत कट काहीही आला तरी 10 आहेतच. पेगिंगमध्ये 16 काढणं त्याला जवळजवळ अशक्य, त्यामुळे तुमचा हात मोजला की गेम संपला आणि त्याची क्रिब कोणी उलटून बघणारही नाही, दुर्री-तिर्री टाका, दुसरा विचारच करू नका. उलट समोरचा 117 वर आणि तुम्ही 100 वर असाल तर कुठलाही तक्ता उघडू नका, तेव्हा त्याला पेगिंगमध्ये चार मिळू न देणं एवढंच काम उरतं, आणि तिथे मी स्वतः दश्शी-राणी टाकून चारही बारकी पानं हातात ठेवतो.