पऱ्हाटीतली साखर

'आता वावरात पेट्रोल पिकणार' असं कोणी म्हटलं की मला जट्रोफा हे तेलबियांचं झाड आठवतं. वीसेक वर्षांपूर्वी पडीक रानात, पाण्याविना तेल, असा त्याचा गाजावाजा झाला होता. झाड कमी पाण्यात जगतं खरं, पण भरघोस बिया द्यायला त्यालाही पाणी आणि खत लागतंच. इंधनासाठी वेगळं पीक लावायचं तर तूर-ज्वारीची जमीन त्याला द्यावी लागणार. म्हणून माझा भरवसा उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर, उभ्या राहणाऱ्या पऱ्हाटीवर, कापसाच्या वाळल्या झाडांवर आहे. तिच्यातली साखर सोडवून आंबवली की पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल मिळतं.

ज्वारीतला स्टार्च आणि पऱ्हाटीतलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोज या साखरेच्याच साखळ्या. फरक जोडणीत आहे. स्टार्चमध्ये अल्फा जोडणी असते. साखळी मळसूत्री वळते आणि आपल्या लाळेतलं विकरसुद्धा (एन्झाइम) ती तोडतं. सेल्युलोजमध्ये बीटा जोडणी. तिथे प्रत्येक रेणू आधीच्याच्या उलटा बसतो, त्यामुळे साखळी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटतात की पाण्यालाही आत शिरायला जागा मिळत नाही. त्यावर हेमिसेल्युलोज ही साखरांचीच दुसरी साखळी आणि काडीला कडक करणारं लिग्निन, भिंतीवरच्या गिलाव्यासारखं. म्हणून कुट्टी केलेली काडी आधी सौम्य आम्लात, वाफेच्या दाबाखाली शिजवतात आणि मग त्यात सेल्युलेज विकरं सोडतात. ही विकरं देणारी ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सापडली. अमेरिकन सैन्याचे सुती तंबू ती खात होती! हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज ही पाच कार्बनची साखर मात्र साधं यीस्ट आंबवत नाही. त्यासाठी जनुकबदल केलेलं यीस्ट लागतं.

हे सगळं महाग पडतं, पण होतं. पानिपतला धानाच्या तणसापासून इथेनॉल काढणारा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. क्षमता रोज १ लाख लिटर.

आपल्याकडे खरी अडचण वाहतुकीची. पऱ्हाटी फुगीर, ट्रॉली भरते, वजन भरत नाही. उपटायच्या मजुरीपेक्षा वरचा भाव मिळाला नाही, तर शेतकरी ती धुऱ्यावर पेटवून मोकळा होणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. भाव मिळाला तर फरदड (त्याच झाडांवर लांबवलेलं कापसाचं पीक) न घेता वावर लवकर रिकामं होईल, गुलाबी बोंडअळीचा मुक्काम मोडेल. पण पऱ्हाटीवर ज्यांची चूल पेटते, त्या भूमिहीन घरांचं सरपण जाईल. त्यांचा विचार आधी व्हायला हवा.

इथेनॉलमध्ये फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो. झाडानं हे तिन्ही हवा-पाण्यातून घेतलेले. काडीनं जमिनीतून घेतलेला पालाश (पोटॅश) मात्र कारखान्याच्या राखेत आणि उरलेल्या पाण्यात राहतो. तो वावरात परत आणायची अट खरेदीच्या करारातच हवी. सेंद्रिय कर्ब राखेतून परत येत नाही, म्हणून पऱ्हाटीचा पाला तरी वावरातच झडू द्यावा.