कमानीखालची राणी, कमानीखालचे एल्म

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये हेन्री सेलसचं एक भलंमोठं तैलचित्र आहे. प्रसंग १ मे १८५१ चा, हाइड पार्कातल्या महाप्रदर्शनाच्या (देशोदेशीच्या वस्तू मांडणाऱ्या 'ग्रेट एक्झिबिशन'च्या) उद्घाटनाचा. मधोमध राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा अल्बर्ट, भोवती दरबारी नि धर्मगुरू, वर काचेचं छत. माणसं ओळखता ओळखताच बघणाऱ्याचा वेळ जातो. छत एवढं उंच का, हे सहसा कुणी विचारत नाही.

प्रदर्शन हाइड पार्कात भरवायचं ठरलं आणि भांडण लागलं: तिथली एल्मची मोठी झाडं इमारतीच्या आड येत होती. 'पब्लिक पार्क' हा शब्द इथे जरा फसवा आहे. जमीन राजसत्तेची, पण सतराव्या शतकापासून लोकांना खुली, त्यामुळे लंडनकर ती आपलीच समजत. त्यात स्पर्धेला आलेले २४५ आराखडे बाजूला सारून प्रदर्शनाच्या इमारत समितीने स्वतःचाच पुढे केला: दीड कोटींच्या आसपास विटा, वर अवाढव्य घुमट. एवढं बांधकाम नंतर कोण पाडणार, ही शंका रास्तच होती. (शेजारच्या बड्या घरांना दारात गर्दीही नको होती, ते मात्र झाडांच्या आडून बोलत.)

जून १८५० मध्ये काचघरं बांधणाऱ्या जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने एका बैठकीत बसल्या बसल्या टीपकागदावर काचेची इमारत रेखाटली. सुटे भाग जोडायचे, काम झालं की उचलून न्यायचे. विटांचा मुद्दा मिटला, एल्मच्या झाडांचा उरला. एका खासदाराने त्यावरून रान उठवलं. पॅक्स्टनच्या मूळ आराखड्यातलं छप्पर सपाट होतं, त्याखाली मोठे एल्म मावेनात. मग मध्यावर १०८ फूट उंच कमानदार दालन आडवं घातलं आणि झाडं तशीच आत घेतली. काही लहान झाडं पडलीच. हे शहाणपण समितीच्या नावावर जमा होतं, पण माझ्या मते विरोधकांनी ते तिच्याकडून वसूल केलं. चित्रातली राणी त्याच कमानीखाली उभी आहे.

उजवीकडे, अगदी पुढे, चिनी पोशाखातला एक गृहस्थ दिसतो. चीनने अधिकृत प्रतिनिधी पाठवलाच नव्हता. हा हे-सिंग, टेम्समध्ये नांगरलेलं एक चिनी जहाज लोक तिकीट काढून बघत, तिथला. समारंभात तो पुढे झाला आणि राणीला लवून मुजरा केला. सगळ्यांना वाटलं, बादशहाचा वकीलच! मिरवणुकीत त्याला जागा मिळाली, आणि चित्रकारानेही ती कायम ठेवली.

पुढे साठ लाखांवर लोक येऊन गेले. इमारत उचलून सिडनहॅमला नेली, तिथे ती १९३६ मध्ये जळाली. या प्रदर्शनासाठी आणि १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मुंबईत वस्तू जमवल्या होत्या. त्या खटाटोपातूनच भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं संग्रहालय उभं राहिलं. आज ते भाऊ दाजी लाडांच्या नावाने आहे. १८७२ मध्ये खुलं झालं तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं. लंडनच्या म्युझियमला ते नाव मिळालं १८९९ मध्ये.