नकाशात न मावणारा कोकणकडा

भूगोलाच्या प्रात्यक्षिकात टोपोशीटवर, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर, कागदाची पट्टी ठेवायची, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) तिला जिथे छेदतील तिथे खुणा करायच्या आणि आलेखकागदावर डोंगराचा छेद काढायचा. यात तासभर जायचा, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचे डोंगर एकमेकांच्या वहीतून उतरवलेले असायचे. आता हे काम क्यूजीआयएससारखं नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर क्षणात करतं. 2022 साली आलेल्या 3.26 आवृत्तीपासून तर त्यासाठी वेगळं प्लगइनही लागत नाही.

उंचीची माहिती बहुतेकदा येते ती फेब्रुवारी 2000 मधल्या एका मोहिमेतून. ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने 60 मीटर लांबीचा दांडा बाहेर काढला होता. एक रडार अँटेना यानात, दुसरा दांड्याच्या टोकाला. जमिनीवरून परतलेल्या लहरी या दोन ठिकाणी किंचित वेगळ्या पोहोचतात आणि त्या फरकावरून उंची निघते, जसा दोन डोळ्यांमुळे आपल्याला खोलीचा अंदाज येतो. अकरा दिवसांत पृथ्वीवरची सुमारे 80 टक्के जमीन मोजून झाली. हाती आली ती साधारण 30 मीटरच्या चौकटींची जाळी, प्रत्येक चौकटीत उंचीचा एकच आकडा.

आपण नकाशावर रेघ ओढली, की सॉफ्टवेअर तिच्यावर ठरावीक अंतराने थांबत खालच्या चौकटीतला आकडा वाचत जातं. बस्स, एवढंच.

मी वसईच्या किनाऱ्यावरून थेट पूर्वेला हरिश्चंद्रगडापर्यंत रेघ ओढली. आलेखात अंतर आलं जेमतेम एक! एक काय? एक अंश. नकाशा अक्षांश-रेखांशातच राहिला होता. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश म्हणजे साधारण 105 किलोमीटर. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या 43 उत्तर पट्ट्यात नकाशा बदलून घेतल्यावर आकडे मीटरमध्ये आले.

दुसरी गंमत उंचीच्या मापाची. 100 किलोमीटरची रेघ 20 सेंटिमीटरवर बसवली, तर 1,424 मीटरचा हरिश्चंद्रगड जेमतेम 3 मिलिमीटरचा उरतो. म्हणून सॉफ्टवेअर उभं माप ताणतं. ते 20 पट ताणलं, तर 10 अंशांचा साधा चढ 74 अंशांचा दिसतो. छेद पाहून ट्रेकला घाबरण्याआधी दोन्ही अक्षांवरचे आकडे वाचावेत.

एवढं ताणूनही माझ्या आलेखात हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा कडा वाटेना. घाटमाथा संपतो, रेघ एकदम खाली घसरते, पण तो नागाच्या फण्यासारखा पुढे झुकलेला खडक काही दिसत नाही. दिसणार कसा? एका चौकटीला एकच उंची. कड्याच्या ओठाखाली जमीन आत वळलेली आहे, म्हणजे तिथे एकाच जागी दोन उंच्या आहेत, वरच्या खडकाची आणि खालच्या पायथ्याची. जाळीत त्यातली एकच मावते. शिवाय तिरकं पाहणाऱ्या रडारला उभ्या कड्याआड दिसत नाही. अशा जागी मुळात भोकं पडली होती, ती नंतर आजूबाजूच्या किंवा दुसरीकडच्या माहितीने बुजवली गेली.

चौकटी बारीक केल्या तरी हा पेच सुटत नाही, कारण विमानातून सरळ खाली सोडलेल्या लेझरलाही कड्याचं पोट दिसत नाही. त्यासाठी कड्यासमोर ड्रोन नेऊन फोटो घ्यावे लागतात आणि त्यांतून बिंदूंचा ढग, म्हणजे असंख्य त्रिमितीय बिंदूंचा संच, रचावा लागतो.