डायनासोरचं अंडं की नुसता गोटा?

इंदूरहून बाग गावच्या गुहा पाहायला गेलेलं कुणीतरी गोल दगडाचा फोटो पाठवतं: ‘हे अंडं आहे ना?’ बहुतेक वेळा नसतं. पण धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात काकड भैरव म्हणून पुजले जाणारे गोल दगड तज्ज्ञांनी टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनासोरची अंडी म्हणून ओळखले, ही बातमी २०२३ची. तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

गोलाईवर काहीच ठरत नाही. माळव्यातला काळा पाषाणही कुजताना गोल होतो. भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी झडतात, मधे गोटा उरतो आणि त्यावरून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. हा लाव्हाचा दगड. त्यात अंडं शोधू नये. अंडी असतात ती त्याखालच्या लॅमेटा नावाच्या थरात, वाळूमिश्रित कठीण चुनखडीत. म्हणून आधी दगड कुठल्या थरातला ते विचारा.

खरी फसगत लॅमेटातच होते, कारण तिथे चुन्याच्या गाठीही सापडतात. आधीच फुटलेली कड ओली करून दहापट भिंगातून पाहा. अंड्याला एक ते तीन मिलिमीटरचं कवच असतं: जाडी जवळपास सारखी, आतल्या आणि बाहेरच्या दगडापासून स्वच्छ वेगळी दिसणारी रेघ. बाहेरच्या अंगाला बहुधा बारीक दाणे लागतात. गाठीला अशी रेघ नसते, रंग आतून बाहेर हळूहळू बदलतो. (पाडल्याच्याच एका अंड्यात कवचाच्या आत दुसरं कवच निघालं; २०२२मध्ये त्यावर शोधनिबंध आला. पण त्या दोन कवचांत चांगलं अंतर होतं, पापुद्र्यांची चळत नव्हे.)

ॲसिडचा थेंब टाकून निकाल लागत नाही. कवच आणि चुनखडी दोन्ही फसफसतात. फोडूनही उपयोग नाही, कारण अंड्याच्या पोटात बहुधा बाहेरचाच गाळ भरलेला असतो.

आजूबाजूलाही नजर टाका. बाग-कुक्षी भागात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली आहेत. तिथली अंडी साधारण १५ ते १७ सेंटिमीटरची, घोळक्यात, एकमेकांच्या मापाची. गाठी मात्र लहानमोठ्या, कशाही विखुरलेल्या. अंडं चेपलेलं असलं तरी बाद करू नका, वरच्या थरांच्या भाराने तसं होतं.

शंका आली तर दगड उचलू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि वन विभागाला कळवा. अंडी हलली की घरट्यातली त्यांची मांडणी गेली, आणि ती परत लावता येत नाही.