पुतळी (दागिन्यातील नाणे)

पुतळी : महाराष्ट्रात लग्नात मुलीच्या गळ्यात घातल्या जाणाऱ्या पुतळीहारातील, माणसांच्या आकृत्या उमटवलेली सोन्याची पातळ गोल चकती. हिचे मूळ इटलीतील व्हेनिस या शहर-राज्याच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यात आहे. व्हेनिसने १२८४ मध्ये हे नाणे काढायचे ठरवले आणि १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याचे वजन (सुमारे ३.५ ग्रॅम), कस (९९ टक्क्यांहून अधिक) आणि चित्र जवळजवळ तसेच राहिले. मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात ती नाणी तांबड्या समुद्राच्या वाटेने पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरत. इतक्या शतकांत न बदललेल्या नाण्यावर सराफांचा विश्वास बसला, आणि व्यवहारातून ते कडी लावून दागिन्यात गेले. मागणी वाढली तसे इथल्या सोनारांनी त्याच्या नकला घडवल्या. म्हणून आज घराघरांतल्या पुतळ्यांत अस्सल डुकाट थोडे, देशी घडणीच्या पुतळ्या पुष्कळ.

ओळख पटवायची तर पुतळी उन्हात किंवा दिव्याखाली भिंगाने पाहावी, आणि दोन्ही बाजूंनी पाहावी. डुकाटच्या एका बाजूला व्हेनिसचे रक्षक संत मार्क उभे असून गुडघे टेकलेल्या डोजला, म्हणजे व्हेनिसच्या प्रमुखाला, निशाण देतात. दोघांच्या मधोमध निशाणाची काठी असते आणि काठीलगत उभी अक्षरे. दुसऱ्या बाजूला बदामाच्या आकाराच्या चौकटीत ख्रिस्त उभा, भोवती तारे, आणि कडेने लॅटिन ओळ : ‘सिट टिबी क्रिस्टे डाटुस क्वेम टू रेजिस इस्टे डुकाटुस’. ही ओळ नाण्यावर आखडून लिहिलेली असते. नाण्यावर सन नसतो; काळ ठरतो तो डोजच्या नावावरून. पाओलो रेनिएर (१७७९–८९) किंवा लुदोविको मानिन (१७८९–९७) वाचता आले तर प्रश्नच नाही. अल्विसे मोचेनिगो हे नाव मात्र चार डोजांचे होते. तिथे नाव वाचून भागत नाही, अक्षरांचे वळण आणि चित्रातले बारकावे जाणकाराला दाखवावे लागतात.

नक्कल ओळखायची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे ही अक्षरे. लॅटिन न जाणणाऱ्या कारागिराने ठशात कोरताना अक्षरांच्या नुसत्या उभ्या-आडव्या रेघा केल्या, ताऱ्यांचे ठिपके झाले, संताचा झगा पट्ट्यापट्ट्यांचा झाला. काही पुतळ्यांवर तर सरळ लक्ष्मी किंवा रामसीता आहेत. यात फसवणूक शोधू नये. दागिना म्हणून घडवलेली ती स्वतंत्र वस्तू आहे, आणि काही देशी ठसे मूळ नाण्याहून देखणे आहेत. पुढचे चित्र मागे खोलगट उलटे दिसत असेल तर पुतळी पत्र्यावर ठसा मारून केलेली. आत लाख भरून मागे पत्रा लावलेला असेल तर वजनावर मुळीच विसंबू नये. पृष्ठभाग बारीक रवाळ आणि कडा बोथट असतील तर ती ओतीव समजावी.

लग्नातल्या हारांत आणखी दोन वस्तूंची पुतळीशी गल्लत होते. गिनी म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिश सॉव्हरिन २२ कॅरेटचे, ७.९९ ग्रॅमचे असते. १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत पाडलेल्या नाण्यांवर तारखेच्या वर रोमन ‘आय’ हे बारीक अक्षर सापडते. रामटंका हे रामदरबाराचे चित्र असलेले धार्मिक टोकन, चलन नव्हे.

किंमत करताना हार एकगठ्ठा काट्यावर टाकला जातो, आणि नुकसान तिथेच होते. एकाच हारात अस्सल, नकली आणि मागाहून बसवलेल्या पुतळ्या एकत्र असू शकतात. म्हणून रेशमी गोफ काढून एकेक पुतळी वेगळी तोलावी. ३.४ ग्रॅमच्या अस्सल पुतळीत जवळजवळ ३.३७ ग्रॅम शुद्ध सोने, तर तेवढ्याच वजनाच्या २२ कॅरेटच्या पुतळीत ३.१२ ग्रॅम. वीस अस्सल पुतळ्यांचा हार सरसकट २२ कॅरेट धरला, तर सुमारे पाच ग्रॅम सोने हिशेबातून गळते. कसोटीचा दगड किंवा क्ष-किरणांचे कॅरेटमीटर वरच्या थराचाच कस सांगते, म्हणून मुलामा असल्याची शंका येताच कडेला किंचित घासून पाहतात. कडीचा डाख, म्हणजे जोडणीचा धातू, हलक्या कसाचा असतो; त्याने वितळवलेल्या सोन्याचा टंच, म्हणजे कस, उतरतो. जुन्या पुतळीवर हॉलमार्क नसणे हा दोष नाही. सक्तीची हॉलमार्किंग २०२१ मध्ये सुरू झाली आणि ती सराफाच्या विक्रीला लागू आहे. घरातले जुने सोने त्याविना विकता येते.

सोन्याच्या वर नाणे म्हणून काही मिळेल का, हे डोज कोण, झीज किती आणि कडी कशी लावली यावर ठरते. डाखाने जोडलेली कडी, भोक किंवा घासून गुळगुळीत केलेली कड असली की संग्राहक भाव पाडतात. कडी काढली तरी डाखाचा डाग राहतो आणि पॉलिश केल्यास उरलेली अक्षरेही जातात. तेव्हा विकण्याआधी कडी तशीच ठेवावी, पुतळी घासू नये. दागिना म्हणून किंमत वेगळीच : सगळ्या पुतळ्या जुन्या, एका घडणीच्या आणि हार अडकवायचा जुना फासा शाबूत असेल, तर अखंड हाराला मोडीपेक्षा चांगला गिऱ्हाईक मिळू शकतो. एकदा मोडीत घातला की ही शक्यता कायमची संपते, त्यामुळे मूल्यांकन लेखी घ्यावे आणि निदान दोन ठिकाणी करून पाहावे. त्यांपैकी एक जण सोनार नसून नाणेतज्ज्ञ असलेला बरा.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार पुरावशेष ठरते. देशात ते विकता येते, मात्र खासगी व्यक्तीला ते निर्यात करता येत नाही.